मुळेच्या पुलाअलीकडे, पुलापलीकडे

होस्टेलवर राहणाऱ्या मुलाला कॉलेजशी एकदाच जुळवून घ्यावं लागतं. बॅगा उतरवायच्या, चार रात्री घरच्या आठवणीने उशी ओली करायची आणि पाचव्या दिवशी मेसच्या भाजीला नावं ठेवायला लागायचं, की झाला तो कॉलेजचा. घरून रोज ये-जा करणाऱ्याचं तसं नसतं. त्याला सकाळी कॉलेजशी जुळवून घ्यावं लागतं आणि संध्याकाळी पुन्हा घराशी. होस्टेलवाल्यांच्या हालांवर कादंबऱ्या निघाल्या, नाटकं निघाली, सिनेमे निघाले. पासवाल्यांच्या नशिबी फक्त पास.

माझा भाचा यंदा एफवाय बीएस्सीला आहे. कॉलेज पुण्यात, शिवाजीनगर स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. देहूरोडला लोकलमध्ये चढायचं, मधली सहा स्टेशनं मोजायची आणि उतरायचं. पुणे-लोणावळा लोकल 1978 साली सुरू झाली. तेव्हापासून आमच्या गावातल्या पोरांचं उच्च शिक्षण रेल्वेच्या वेळापत्रकाप्रमाणेच चाललेलं आहे. कॉलेजचं वेळापत्रक त्यात बसलं तर बसवायचं.

पहिल्या दिवशी त्याला वर्गात विचारलं, "कुठून येतोस?"

"देहूरोड."

"अरे वा! तुकाराम महाराजांचं गाव!"

"नाही, ते देहू. आमच्यापासून पाच-सहा किलोमीटर आत."

ही दुरुस्ती प्रत्येक देहूरोडकर पहिल्या आठवड्यात न कंटाळता करतो. दुसऱ्या आठवड्यात तो नुसतं "हो" म्हणून मोकळा होतो. मग गॅदरिंगला कुणीतरी अभंग म्हणायचा आग्रह धरतं, ते वेगळं. ज्यांना देहूही ठाऊक नसतं त्यांना कात्रज-देहूरोड बायपास ठाऊक असतो. पुणेकराने आमच्या गावाचं नाव वाचलेलं असतं ते फलकावर, आणि तेही ताशी ऐंशीच्या वेगात.

खरी पंचाईत भाषेची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आमच्याकडे लष्कराचा डेपो आला आणि त्याच्या मागोमाग सगळा देश आला. देहूरोडच्या बाजारात तमिळ, तेलुगू, मल्याळी, पंजाबी अशी सगळी माणसं एकाच टपरीवर चहा पितात आणि ज्या भाषेत भांडतात ती कुठल्याच व्याकरणात सापडत नाही. भाचा ती अस्खलित बोलतो. ती घेऊन तो पुण्याच्या वर्गात गेला आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीला म्हणाला, "जरा सरक ना यार, इधर जागा आहे बघ." ती सरकली, पण एवढी सरकली की मध्ये दोघं बसली असती.

त्यावर त्याने तोडगा काढला. दापोडी सोडली की गाडी मुळेच्या पुलावर येते. पुलाअलीकडे तो देहूरोडचा, पलीकडे पुण्याचा. अलीकडे आईचा फोन आला तर "हां बोल ना, क्या हुआ." पलीकडे आला तर "हो आई, पोचतोच आहे, तू काळजी करू नकोस." ताईला पहिल्यांदा वाटलं फोन कुणीतरी चोरला. संध्याकाळी पूल उलटा लागतो. एकदा गाडी पुलावरच थांबली होती म्हणे, तेव्हा हा बराच वेळ गप्पच बसून राहिला.

पुलाची सवय होईपर्यंत वडीलधाऱ्यांचा उपदेश सुरू होता. आमच्या घरी कुणी कॉलेजात निघालं की आगरकरांची गोष्ट काढतात. एकच सदरा, रात्री धुवायचा, सकाळी तोच घालायचा, आणि शिकून केवढे झाले! भाच्याने ती शांतपणे ऐकली आणि मग म्हणाला, "मामा, टिळकांनी डेक्कन कॉलेजात पहिलं वर्ष तब्येत कमावण्यात घालवलं ना?" घालवलं हे खरंच आहे. पुढे ते गणितात पहिल्या वर्गात बी. ए. झाले हेही खरं आहे, पण ते मी सांगेपर्यंत हा जिमची फी मागून गेला होता.

आजीची समजूत घालणं त्याहून अवघड. नव्या शैक्षणिक धोरणात विषयांना मेजर आणि मायनर म्हणतात. भाच्याने घरी सांगितलं, "मला मेजर मिळालं, केमिस्ट्री." आजीने पुढचा शब्द सोडून दिला. छावणीच्या गावात 'नातू मेजर' ही बातमी किती वेगाने पसरते याची कल्पना बाहेरच्यांना यायची नाही. शेजारचे निवृत्त सुभेदार पेढे मागायला आले. त्यांच्या हिशेबाने पोरगं फारच लवकर चढलं होतं.

बाकी उशिराची कारणं आमच्या पोरांकडे भरपूर, आणि त्यांतली निम्मी खरी असतात. कॉलेजं नुकती उघडत असतात तेव्हाच तुकोबांची पालखी देहूहून निघते. दुसऱ्या दिवशी ती आमच्या बाजारातून निगडीमार्गे आकुर्डीला मुक्कामी जाते. त्या दिवशी रस्ता वारकऱ्यांचा. भाच्याने सरांना सांगितलं, "सर, पालखी होती." सरांनी चष्म्यावरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तीच पालखी फर्ग्युसन रस्त्याने गेली आणि सरच उशिरा आले.

दुपारच्या लोकलचं मात्र कुठलंच कारण पुरत नाही. मध्ये मोठा खंड पडतो. सव्वाबाराला शेवटचं लेक्चर सुटलं तरी घरी जायला गाडी लगेच नसते. कँटीनमध्ये बसायला पैसे लागतात, कट्ट्यावर बसायला मित्र लागतात. सुरुवातीला भाच्याकडे दोन्ही नव्हतं, म्हणून तो लायब्ररीत बसू लागला. ग्रंथपालांना वाटलं, पोरगा अभ्यासू आहे. त्यांनी त्याला पंख्याखालची जागा द्यायला सुरुवात केली, नवं पुस्तक आलं की बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली. सहा महिने कुणी आपल्याला अभ्यासू समजत राहिलं की नाइलाजाने थोडा अभ्यास होतोच. पहिल्या सेमिस्टरच्या निकालाचं मोठं श्रेय मी तरी रेल्वेला देतो.

त्या लायब्ररीतच त्याला एक होस्टेलवाला भेटला. नांदेडचा. यानेही विचारलं, "कुठला तू?" भाच्याने तुकाराम महाराजांसाठी तोंडात "हो" तयारच ठेवलं होतं. पण तो म्हणाला, "देहूरोड? बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली ते?"

1954 सालच्या 25 डिसेंबरला डॉ. आंबेडकरांनी आमच्या गावात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दर वर्षी त्या दिवशी दुरून दुरून माणसं येतात. आम्हाला त्याची इतकी सवय झालेली, की कुणी आमचं गाव बायपास आणि अभंग सोडून तिसऱ्या कारणाने ओळखेल हे भाच्याच्या ध्यानीमनी नव्हतं. नांदेडच्या मुलाच्या घरी भिंतीवर त्या मूर्तीचा फोटो होता. त्या दिवसापासून दोघं एकत्र जेवायला लागले, म्हणजे डबा भाच्याचा आणि भूक दोघांची. आधी हाच डबा तो दप्तरातून बाहेर काढायला लाजायचा. आता ताई रोज दोन पोळ्या वाढवत होती आणि मला सांगत होती, "सायन्सचा अभ्यास फार दमवतो रे पोराला."

25 डिसेंबरला तो मुलगा देहूरोडला आला. सकाळी विहारात जाऊन रांगेत उभा राहिला, दुपारी भाच्याबरोबर घरी जेवायला. ताईने आग्रहाने वाढलं. "लाजू नकोस, पहिल्यांदाच आलायस." त्याने पोळीचा तुकडा शेंगदाण्याच्या चटणीत बुडवला, खाल्ला आणि मनापासून म्हणाला, "काकू, कालच्यापेक्षा आज जास्त झणझणीत झालीय."

ताईने भाच्याकडे पाहिलं. भाचा आमटीत काहीतरी शोधत होता.