बहुतेक चालत नाही
आमची भाची मायक्रोबायोलॉजीची पदवी घेऊन हिंजवडीत बसते आणि अमेरिकेतल्या लोकांच्या दुखण्यांना नंबर देते. हुद्दा मेडिकल कोडर. तिकडच्या डॉक्टरने काय लिहिलंय ते वाचायचं आणि आयसीडी-१० मधला नेमका कोड लावायचा. तो चुकला की विमा कंपनी पैसे अडवते. बदकाने मारलं तर त्यालाही कोड आहे, हे ती आल्यागेल्याला सांगते. पण तिचा खरा जीव मूत्रविकारात. यूरॉलॉजीचे चार्ट तिच्याकडे आले आणि आमच्या घरात लघवी या विषयाची लाजच संपली.

नाना सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, "जरा लघवीचा त्रास आहे." भाचीने पोह्यांची बशी खाली ठेवली.

"त्रास म्हणजे काय, नाना? जळजळते? सारखी लागते? लागली की धीर धरवत नाही? की रात्री उठावं लागतं?" चारही गोष्टींचे कोड निराळे.

"रात्री उठतो गं," नाना पुटपुटले.

"आर पस्तीस पॉइंट एक!" हरवलेली किल्ली सापडावी तशी ती खुलली. नाना चष्मा पुसत बसले.

शेजारच्या काकांना जळजळ होऊन लघवी लाल झाली, तेव्हा अख्खा मजला घाबरला. हिचा प्रश्न, "नुसत्या डोळ्यांना लाल दिसली, की रिपोर्टात रक्तपेशी आल्या?" काकू म्हणाल्या, काल बिटाची कोशिंबीर होती. "मग रक्त रक्त काय करताय? तपासून मात्र घ्याच."

काका दवाखान्यातून परतले. "बहुतेक इन्फेक्शन आहे म्हणाले."

"बहुतेक चालत नाही. अ‍ॅडमिट असतात तर डिस्चार्जच्या कागदावरचं ‘बहुतेक’ चाललं असतं. ओपीडीत नाही. तोवर नुसती जळजळ."

पुढे कल्चरमध्ये ई. कोलाय निघाला. एन ३९.० पक्का झाला, जंतूचा कोड वर आणखी एक. "आता जळजळ वेगळी धरायची नाही काका, ती इन्फेक्शनमध्येच आली."

"आली कुठली," काका कळवळले, "अजून होतेय की!"

नानांचं मात्र प्रोस्टेट निघालं, आणि त्यात रात्रीचं उठणं वेगळं लिहायचं असतं. याचा काकांपुढे नानांना केवढा तोरा! एरवी उभी हयात "जरा बरं नाही" एवढ्यावर काढलेला हा माणूस. भाचीने चिठ्ठी करून दिली म्हणून किती वेळा उठतो, कधीपासून, हे त्यांनी डॉक्टरांना धडाधडा सांगितलं. तिची चेष्टा करताना मी एवढं सोडून बोलत नाही.

दरवर्षी १ ऑक्टोबरला नवे कोड लागू होतात, तेव्हा ही कुणाची नसते. नेमकं त्याच सुमारास यंदा स्थळ आलं. पाहुणे गेल्यावर ताईने विचारलं, "कसा वाटला मुलगा?"

"ठीक."

"ठीक म्हणजे काय? लाजतेयस, की नको म्हणतेयस, की अजून ठरलं नाही? नेमकं सांग."

भाचीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "बहुतेक... हो."