बेटावर शनिवारी जावे

ठाकुर्ली बेटावर नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ती उल्हास नदीच्या अंगाला, मुख्य भूमीवर आहे; डोंबिवलीच्या पुढे आणि कल्याणच्या अलीकडे. ठाकुर्लीकराला आपला पत्ता कायम असा शेजाऱ्यांच्या आधारानेच सांगावा लागतो. पण इथली हजारो माणसं रोज सकाळी डबा घेऊन उष्ण कटिबंधातल्या एका बेटावर जातात आणि रात्री घरी येतात. पर्यटन कंपन्या असल्या गोष्टीचं रंगीत माहितीपत्रक काढून भरपूर पैसे घेतात. आमचं तेच काम तिमाही पासात होतं. फक्त कोणी विचारलं तर ‘बेटावर चाललोय’ असं आम्ही म्हणत नाही. ‘परळला चाललोय’ म्हणतो, आणि तेही तोंड पाडून.

बेटाचं नाव साष्टी. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. दक्षिणेला मुंबईची सात बेटं होती. ती भराव घालून घालून एक झाली आणि पुढे साष्टीलाही चिकटली. ठाणं बेटावर, कळवा बेटाबाहेर. या दोघांमधला रेल्वेचा पूल ही खरी वेस. लोकल त्या पुलावरून जाते तेव्हा खाली पाणी असतं, कडेला तिवरं असतात, पण ते पाहायला कोणाला सवड नसते. त्या घटकेला डब्यात एक महत्त्वाचा विधी चाललेला असतो. पुढच्याच्या खांद्यावर बोट टेकवून ‘ठाणा?’ असं विचारायचं. त्याने मान हलवली तर त्याच्या मागे उभं राहायचं; नाही हलवली तर त्याला वळसा घालून पुढे सरकायचं. देश सोडून बेटावर पाऊल ठेवण्याची ती वेळ बहुतेकांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या पाठीवरची सॅक बघत घालवलेली असते.

या खाडीसाठी पूर्वी केवढी यातायात झाली! चिमाजीअप्पांच्या साष्टीच्या मोहिमेत, मार्च १७३७ मध्ये, मराठ्यांनी खाडी ओलांडून पोर्तुगीजांचा ठाण्याचा किल्ला घेतला. डिसेंबर १७७४ मध्ये तोच किल्ला इंग्रजांनी घेतला. आता तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. बेटावर सक्तीने मुक्कामाला असलेले तेवढेच. बाकी आपण सगळे रात्री सुटतो. रेल्वेची गोष्ट आणखी गमतीची. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली प्रवासी गाडी धावली, ती एका बेटावरून निघाली आणि दुसऱ्या बेटावर थांबली. भारताच्या पहिल्या आगगाडीचा भारताच्या मुख्य भूमीशी त्या दिवशी काही संबंध आला नाही. तो आला १ मे १८५४ ला, गाडी खाडी ओलांडून कल्याणपर्यंत पोचली तेव्हा. वाटेत ती ठाकुर्लीला थांबली नसावी. फास्ट गाड्यांनी ती परंपरा अजून पाळली आहे.

आता उष्ण कटिबंधाचं. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे आणि ठाकुर्ली एकोणीस अंशांच्या किंचित वर, म्हणजे आपण पुरते आत आहोत. पुरावा हवा असेल तर मे महिन्याच्या मध्याला दुपारी साडेबाराच्या सुमारास नव्वद फुटी रस्त्यावर उभं राहावं. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. असाच दुसरा दिवस जुलैच्या अखेरीस येतो, पण तेव्हा मुळात सूर्यच कुठे आहे याचा पत्ता नसतो, त्यामुळे सावली गेल्याचं दुःख कोणाला होत नाही. नारळ, दमट हवा, घामाने पाठीला चिकटलेला सदरा, चार महिने कोसळणारा पाऊस: उष्ण कटिबंधाचा सगळा सरंजाम आपल्याकडे आहे. त्याला आपण ‘काय हा उकाडा’ म्हणतो आणि थायलंडला जाऊन त्याच उकाड्यात फोटो काढतो.

हे सगळं डोक्यात यायला कारण माझी भाची. ती नोकरीसाठी मॉरिशसला गेली. तिथे मराठी मंडळी एकोणिसाव्या शतकापासून आहेत, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, त्यामुळे घरच्यांना काळजी नव्हती. ते बेट विषुववृत्ताच्या खाली वीस अंशांवर. ठाकुर्ली वर जितकी, जवळपास तितकंच ते खाली. सुरुवातीला दर रविवारी फोटो यायचे. आज समुद्रकिनारा, आज धबधबा, आज बाग, आज ज्वालामुखीचं विवर. मग एकदा फोन आला.

“मामा, बेट संपलं.”

“संपलं म्हणजे?”

“सगळं बघून झालं. आता शनिवार-रविवार मॉलमध्ये जातो.”

मी हिशेब केला. मॉरिशसची लांबी पासष्ट किलोमीटरच्या आसपास. ठाकुर्ली ते सीएसएमटी जवळजवळ पन्नास, म्हणजे जाऊन-येऊन शंभर. इथला नोकरदार रोज तिच्या अख्ख्या देशाच्या दीडपट प्रवास करतो. तिथे माणसं बारा-तेरा लाख. मुंबईत २०११ च्या जनगणनेत १ कोटी २४ लाख मोजली होती, आणि त्यात ठाकुर्लीहून आलेले आपण धरलेलो नाही. तरी आपलं बेट कधी संपल्याची तक्रार कोणी केलेली नाही. कारण ते बघायला आपण सुरुवातच केलेली नाही.

याला सबळ कारण आहे, आणि त्याचं नाव रविवार. सहा दिवस त्या गाडीने तिकडे गेल्यावर सातव्या दिवशी पुन्हा त्याच गाडीत बसणं हा स्वाभिमानाचा प्रश्न होतो. शिवाय रविवारी मेगाब्लॉक. रुळांनाही आठवड्यातून एकदा डागडुजी लागते आणि ती आपल्या सुट्टीच्याच दिवशी सोयीची पडते, हे समजण्यासारखं आहे. मग ठाकुर्लीकराचा रविवार साधारण ठरलेला: सकाळी फडके रोडवर भाजी, गणेश मंदिरात नमस्कार, दुपारी मटण किंवा आमरस, त्यानंतर झोप. पाहुणे आले तर टिटवाळा. पाहुणे उत्साही असले तर अंबरनाथचं शिवमंदिर. इसवी सन १०६० मधलं आहे, असं आपण बाहेरच्या पाटीवर वाचून त्यांना सांगतो. पाहुणे फारच उत्साही असले तर समोर दिसणारा मलंगगड हाताने दाखवायचा आणि जेवायला बसायचं.

एका सुट्टीला मात्र घरात ठराव झाला की बेट बघायचं. निघताना पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की पासावर ‘रविवार सोडून’ असं कुठे लिहिलेलं नसतं. डबा नाही, सॅक नाही, आणि गाडीत चक्क हवेच्या बाजूची खिडकी. तिथे सौ. बसल्या. एरवी ही जागा मिळवण्यासाठी लोक उलटे कल्याणला जाऊन रिटर्न येतात. खिडकी मिळाल्यावर झोपायचं असतं, हा रोजच्यांचा नियम सौ.ना माहीत नव्हता. त्या बाहेर बघू लागल्या. कोपर-दिव्याच्या मधली तिवरं, मग एका हाताला मुंब्र्याचा डोंगर नि त्यावरचं देवीचं देऊळ, दुसऱ्या हाताला खाडी. “अहो, हे काय?” “अहो, ते काय?” कुठल्या स्टेशनात फलाट कोणत्या बाजूला येतो, कुठला डबा जिन्यासमोर लागतो, हे रोजच्या प्रवाशाला झोपेतही सांगता येतं. डोंगराचं नाव विचारणं म्हणजे अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न.

बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचं होतं. गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीची लाँच तासाभरात पोचवते. पोचल्यावर धक्क्यावर एक छोटी गाडी असते. ठाकुर्लीहून आलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा गाडीत चढताना पुढच्याला ढकलत नाही. मग पायऱ्या, दोन्ही हातांना दुकानं, आणि माणसाच्या हातातल्या बाटलीवर नजर ठेवून बसलेली माकडं. वर गेलं की मोठं लेणं. आत अंधार डोळ्यांना सरावतो आणि सदाशिवाची मूर्ती समोर येते. तीन मुखं, उंची सहा मीटरच्या आसपास, आणि मधल्या चेहऱ्यावर असा निवांतपणा की कसली म्हणून घाई नाही. १९८७ मध्ये युनेस्कोने हे जागतिक वारसा म्हणून नोंदवलं.

खाली एका दुकानात सरबत घेतलं. दुकानाच्या मालकीणबाईंनी चौकशी केली.

“कुठून आलात, दादा?”

“ठाकुर्ली.”

“कुठं आलं ते?”

“डोंबिवलीच्या पुढे, कल्याणच्या अलीकडे.”

“अगंबाई, लांबून आलात की!”

सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मी विचारलं की तुमचा रविवार सोमवारी असेल, तेव्हा काय करता. “उरणला जातो, बाजाराला,” त्या म्हणाल्या. “किती दिवस इथंच बसायचं?” बेटावर राहणाऱ्याची सहल बेटाबाहेर असते, हा नियम मॉरिशसपासून घारापुरीपर्यंत एकच. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वाड्यांचं हे गाव. रात्री समोर अख्खी मुंबई झगमगताना दिसायची, पण समुद्राखालून केबल टाकून इथे वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. आमच्या ठाकुर्लीत चोळ्याच्या वीजघरात एके काळी रेल्वेसाठी वीज तयार होत होती. इतकी वर्षं दिवे लावून आपण काय मोठं पाहिलं, असा एक विचार तिथे मनात आला. पण लाँचची वेळ झाली होती.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो मात्र बेटावर भेटत नाही. तो भायखळ्याला असतो, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. आपल्यासारखाच तोही बेट सोडून मुंबईत कामाला लागलेला दिसतो. फरक एवढाच की त्याला परतीची गाडी मिळाली नाही. शेजारी राणीच्या बागेत पेंग्विन आहेत. घामाने निथळत, उष्ण कटिबंधातल्या बेटावर, वातानुकूलित काचेआड फिरणारे पेंग्विन बघायला रांगेत उभं राहणं हा अनुभव मॉरिशसमध्येही मिळायचा नाही.

पण सगळ्यात जवळचं वाटतं ते कान्हेरी. साष्टीच्या मधोमध, राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात शंभरावर लेणी आहेत. लेण्यांबाहेर पावसाचं पाणी साठवायला दगडात खोदलेली टाकी आहेत. आणि भिंतींवर शिलालेख: कोणी लेणं खोदवलं, कोणी टाकं दान दिलं, आणि दाता कुठला. त्यात सोपारा आहे, नाशिक आहे, आणि कल्याणही आहे. कल्याण तेव्हा मोठं बंदर होतं. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वीही आपल्या बाजूची माणसं खाडी ओलांडून या बेटावर जात होती. तीही रोजीरोटीच्याच मागे असणार, पण त्यांनी वाट वाकडी करून डोंगर चढला, पदरचे पैसे घातले आणि नाव-गाव कोरून ठेवलं. आजच्यांनीही काही ठिकाणी नावं कोरली आहेत, बाणाने भेदलेल्या बदामासकट. पण दान काही दिलेलं नाही. त्यामुळे पुढच्या अठराशे वर्षांत त्यांचा कोणी अभ्यास करील असं वाटत नाही.

जाता-येता जागा दिसते. बघायला मात्र तिथे काही काम नसावं लागतं. मॉरिशसच्या भाचीचं बेट संपलं, कारण तिने ते पहिल्या दिवसापासून पाहुणीसारखं पाहिलं. आपलं शिल्लक आहे, कारण आपण तिथे कायम कामाचे म्हणून गेलो. ही शिल्लक मोठी आहे. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि मेपर्यंत राहतात. तेही लांबून येऊन इथे पोट भरतात. त्यांना पाहायला लोक बोटीचं तिकीट काढतात. आपल्याला पाहायला कोणी तिकीट काढत नाही, तर आपण तरी काढावं.

तेव्हा जाणाऱ्यांसाठी चार व्यवहारी गोष्टी. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. कान्हेरीही सोमवारी बंद. राणीची बाग आणि शेजारचं संग्रहालय बुधवारी बंद. रविवारी मेगाब्लॉक. म्हणून शनिवारी जावं. ऑफिस असेल तर रजा टाकावी आणि कारणाच्या रकान्यात ‘बाहेरगावी जात आहे’ असं लिहावं. ‘बेटावर’ लिहिलंत तर साहेब विश्वास ठेवणार नाहीत. ते बिचारे स्वतः त्याच बेटावर बसलेले असतात.