‘टॉमी’च्या आधीवाला

ब्रिटनमधल्या जुन्या तबकड्यांच्या बाजारात ‘टॉमीच्या आधीवाला’ हा इसम हमखास भेटतो. वय साठीपुढे, खांद्याला चौकोनी पिशवी आणि मनात एकच सल : डिसेंबर १९६८. त्या महिन्यात प्रिटी थिंग्ज या लंडनच्या बँडचा ‘एस. एफ. सॉरो’ हा अल्बम निघाला. सबॅस्टियन सॉरो नावाच्या माणसाची जन्मापासून एकाकी म्हातारपणापर्यंतची कथा त्यात गाण्यांतून उलगडते. द हू या बँडचा गाजलेला ‘टॉमी’ आला मे १९६९मध्ये. अमेरिकेत मात्र ‘सॉरो’ ‘टॉमी’च्या मागून पोचला आणि नकलेचा शिक्का घेऊन बसला. हा हिशेब नव्या ओळखीच्या माणसाला साधारण तिसऱ्या मिनिटाला ऐकावा लागतो, मग बोलणे पावसावर का चाललेले असेना.

बाकीचा तपशीलही त्याला तोंडपाठ. ध्वनिमुद्रण अ‍ॅबी रोड स्टुडिओत. निर्माता नॉर्मन स्मिथ, म्हणजे बीटल्सचा जुना ध्वनिमुद्रक. कव्हरवरचे चित्र खुद्द गायक फिल मेचे. काम अर्ध्यावर असताना ड्रमर स्किप अ‍ॅलन निघून गेला आणि ट्विंक आला. कुठल्या गाण्यात कोण वाजवतो, यावरून दोन आधीवाल्यांत भाऊबंदकी पेटते.

त्याला तबकडी हाताळताना पाहावे. तळवे पँटला पुसून तो ती कडांवर तोलतो, दिव्याखाली तिरकी धरतो, लेबलाशेजारी कोरलेला क्रमांक नाकाजवळ आणून वाचतो. श्वास रोखलेला. किंमत ऐकली की तो सुटतो. घरची मूळ मोनो प्रत कधी वाजत नाही, सुईने झिजेल. मोनोपुढे स्टिरिओ पाणचट, हे मत ठाम. ऐकणे मात्र सीडीवर. तक्रार बाजूला ठेवली तरी अल्बम कसदारच आहे, सतार आणि मेलोट्रॉन त्यात नुसते शोभेला नाहीत. पण तक्रार बाजूला ठेवतो कोण?

पंचाईत होते ती कुणाला पटले तर. विशीतली एखादी मुलगी आपणहून ‘हा टॉमीच्या आधीचा ना?’ म्हणाली की त्याचा चेहरा उतरतो. मग तो पुढच्या खोक्यातून जुलै या बँडची १९६८ची तबकडी काढतो. त्यातला टॉम न्यूमन पुढे ‘ट्युब्युलर बेल्स’च्या निर्मात्यांत होता. तो अल्बम १९७३चा. म्हणजे हाही आधीचाच.