भाऊ रात्रभर घुटमळतात

कारखान्याच्या मागच्या भिंतीपाशी रात्री कोण येतं, याचा छडा अखेर लागला आहे. किडे येतात. कधी मांजर येते, श्रावणात वारा येतो, आणि एक कोळी तर तिथे कायमचाच मुक्कामाला आहे. एवढं ज्ञान मिळवायला कंपनीने ६४ कॅमेरे घेतले, कंट्रोल रूममध्ये दोन भिंतभर पडदे लावले आणि माणसांच्या केबिनपेक्षा थंड अशी सर्व्हर रूम बांधली.

कंपनी चाकणच्या बाजूची आहे, एवढंच सांगतो. नावात काही नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही एमआयडीसीत गाडी थांबवा, गेटवरच्या रजिस्टरात नाव, मोबाईल, 'कोणाकडे' आणि 'कशासाठी' हे रकाने भरा. तुम्ही त्याच कंपनीत शिरलात.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅमेरा समोरचं सगळंच साठवतो. पण त्यातल्या कशासाठी माणसाला झोपेतून उठवायचं, ते त्याला सांगावं लागतं. त्यासाठी पडद्यावरच्या चित्रात माउसने एक लाल चौकोन काढायचा. हा डिटेक्शन झोन. चौकोनात काही हललं की मोबाईल वाजतो. चौकोनाबाहेर हत्ती नाचला तरी वाजत नाही. हा चौकोन कुठे काढायचा यावर अ‍ॅडमिन, आयटी, सेफ्टी आणि परचेस अशा चार खात्यांच्या बैठका झाल्या. समोसे झाले, मिनिट्स झाले. गेली कित्येक वर्षं बॅटरी घेऊन त्या भिंतीला रोज रात्री फेऱ्या मारणाऱ्या वॉचमनमामांना तेवढं कोणी बोलावलं नाही. ते त्या वेळी झोपलेले असतात, असं कारण मिनिट्समध्ये आहे. नाइट पाळीचा माणूस दुपारी तीनला झोपतो, ही गोष्ट अ‍ॅडमिनने जरा संशयानेच नोंदवली आहे.

पहिल्याच रात्री जीएमसाहेबांचा मोबाईल इतका वाजला की मॅडमनी तो पाण्याच्या पिंपात टाकायची धमकी दिली. कारण साधं होतं. सेटिंगमध्ये सेन्सिटिव्हिटी नावाची एक पट्टी असते, आणि आपल्याकडे पट्टी दिसली की ती उजवीकडे टोकापर्यंत सरकवतात. पैसे मोजलेत ना! शेजारी थ्रेशोल्ड नावाची दुसरी पट्टी असते. किती बारीक हालचाल धरायची ते पहिली ठरवते; चौकोनाचा किती भाग हलला म्हणजे बोंब मारायची ते दुसरी. पहिली शंभरावर आणि दुसरी शून्याच्या आसपास ठेवली की कॅमेरा नव्या सुनेवर डोळा ठेवणाऱ्या सासूसारखा होतो. पान हललं, ओरड. सावली सरकली, ओरड. ढग आला, ओरड.

दोन्ही पट्ट्या जागेवर आणल्यावरही मागचा कॅमेरा गप्प बसेना. तिथे कोळी निघाला. कॅमेऱ्याची पेटी रात्रभर उबदार असते, तेव्हा कोळ्याने तिथे संसार थाटला तर त्यात त्याचं काय चुकलं? भिंगाच्या शेजारीच इन्फ्रारेडचे दिवे. भिंगापासून बोटभर अंतरावरच्या जाळ्याच्या धाग्यावर तो उजेड पडला की पडद्यावर पांढराशुभ्र दोरखंड उमटतो, आणि वारा आला की झुलतो. दिवसा चौकोन काढणाऱ्याला यातलं काहीच दिसलेलं नसतं. कंपनीच्या लेखी रोज रात्री भिंतीवरून दोर टाकून कोणीतरी चढत होतं आणि सकाळपर्यंत वर पोचत नव्हतं.

यावरचा उपाय म्हणजे बांबूच्या टोकाला बांधलेलं फडकं. मामांनी ते पहिल्याच दिवशी सुचवलं. पण उंचीवरचं काम म्हटलं की वर्क परमिट आलं, हार्नेस आला, हेल्मेट आलं, सेफ्टीची सही आली. सेफ्टीचे साहेब ट्रेनिंगला गेले होते. मग आयटीने डोकं लढवलं. जाळं तसंच राहू दिलं आणि जाळ्यापुरता झोन पुसला. ओरड थांबली. त्या दिवसापासून कंपनीला दुरुस्तीचा मार्ग सापडला तो सापडलाच.

खरी मजा पुढे आहे. साध्या कॅमेऱ्याला माणूस आणि फांदी यातला फरक कळत नाही म्हणून एआयवाले कॅमेरे घेतले गेले. हे माणूस ओळखतात, गाडी ओळखतात, आणि कोणी उगाच रेंगाळलं तर तेही कळवतात. पहिल्या रात्री निरोप आला: मागच्या भिंतीपाशी २३ इसम घुटमळत आहेत. सिक्युरिटीची जीप सायरन वाजवत धावली. भिंतीपाशी चिटपाखरू नव्हतं. होता तो भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. भिंतीच्या पलीकडे बांबूंवर उभा केलेला, भिंतीच्या वर चांगला उंच दिसणारा. मधोमध गॉगल लावून फोनवर बोलणारे भाऊ, आणि खाली गोलागोलात बावीस शुभेच्छुक.

कॅमेरे बसवणाऱ्या व्हेंडरच्या पोराने समजावून सांगितलं. एआय माणसांचे फोटो पाहून माणूस ओळखायला शिकलेलं असतं, त्यामुळे माणसाचा फोटो त्याच्या लेखी माणूसच. त्यातून फ्लेक्स वाऱ्यावर फडफडला की शुभेच्छुक चालायलाही लागतात. उपाय होता, साइज फिल्टर. अमुक मापापेक्षा लहान असेल तो माणूस धरू नये असं भरल्यावर बावीस शुभेच्छुक एका झटक्यात बाद झाले. राजकारणात याला बरीच वर्षं लागतात. भाऊ मात्र उरले, कारण भाऊ कुठल्याही माणसापेक्षा मोठे होते. मग कमाल माप भरलं. भाऊही सुटले, आणि त्यांच्याबरोबर कॅमेऱ्याच्या अगदी जवळून जाणारा प्रत्येक जिताजागता माणूसही 'फार मोठा' ठरून सुटला.

फ्लेक्स काढायला सांगावं, असं एका नवख्या इंजिनिअरने बैठकीत सुचवलं. खोलीत शांतता पसरली. कॅन्टीनचं कंत्राट भाऊंचं, पाण्याचे टँकर भाऊंचे, हंगामी कामगार भाऊंचे, भंगार उचलतात तेही भाऊच. इंजिनिअरला चहा दिला आणि झोनमधून फ्लेक्सचा भाग वगळायचं ठरलं.

वगळायचे दोन प्रकार असतात, आणि ते एकाच मेनूत शेजारीशेजारी असतात. एकात तो भाग नीट दिसतो, साठवला जातो, फक्त त्याच्यासाठी घंटा वाजत नाही. दुसरा प्रायव्हसी मास्क. तो शेजाऱ्याच्या खिडकीसाठी असतो. तेवढी जागा चित्रातच काळी होते आणि रेकॉर्डिंगमध्येही काळीच राहते, नंतर धुवून निघत नाही. घाईत पोराने दुसरा टाकला. कंट्रोल रूमच्या भिंतभर पडद्यावर भाऊ उभे आणि चेहऱ्याच्या जागी काळा चौकोन. रात्रपाळीच्या ऑपरेटरने ते गंमत म्हणून व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवलं. सकाळी नऊला गेटवर पन्नास मोटारसायकली. भाऊंच्या तोंडाला कंपनीने काळं फासलं! इतिहासात बहुधा पहिल्यांदाच हा आरोप तांत्रिकदृष्ट्या अचूक होता. शाल, श्रीफळ आणि एका टँकरची जादा ऑर्डर यावर प्रकरण मिटलं, आणि मास्क काढून पहिला प्रकार टाकला गेला.

एवढ्या गडबडीत घड्याळाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. अनेक कॅमेरे कारखान्यातून चीनची वेळ लावूनच येतात, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. राखण रात्री दहा ते सकाळी सहा, असं पोराने भरलं. कॅमेऱ्याने बीजिंगच्या दहापासून बीजिंगच्या सहापर्यंत इमानेइतबारे पहारा केला. आपल्याकडे ते संध्याकाळी साडेसात ते पहाटे साडेतीन होतं. साडेतीननंतर मोबाईल अजिबात वाजत नाही, याचं श्रेय जीएमसाहेबांनी नव्या एआयला दिलं.

सरकारला या विषयाची काळजी नाही, असं कोणी म्हणू नये. ९ एप्रिल २०२५ पासून देशात विकायच्या सीसीटीव्हीला सुरक्षेच्या चाचण्यांतून पार होऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. बाहेरचा कोणी कॅमेऱ्यात डोकावू शकतो का, ते त्यात तपासतात. कॅमेरा बाहेर डोकावतो का, हे तपासायचं काम अजून मामांकडेच आहे. सुप्रीम कोर्टाला मात्र आपल्या लोकांची नस बरोबर सापडली. परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावायचा आदेश दिला, तेव्हा 'योग्य त्या ठिकाणी' असं मोघम लिहिलं नाही. प्रवेशद्वार, बाहेर पडायची वाट, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, ठाण्याची मागची बाजू अशी यादीच दिली. स्वच्छतागृहाच्या बाहेर, आत नव्हे, हेही लिहून टाकलं. जागा निवडायचं स्वातंत्र्य दिलं तर कॅमेरा नेमका कुंडीतल्या तुळशीकडे तोंड करून बसेल, याचा खंडपीठाला अंदाज असावा.

आमच्या कंपनीचा गेटवरचा फिरता कॅमेरा याच जातीचा. त्याचा झोन फाटकावर आखलेला. एका रात्री ऑपरेटरने तो हायवेवर उलटलेला टेम्पो बघायला वळवला आणि परत आणायचा विसरला. आता गंमत अशी की ती लाल रेघ जमिनीवर नसते, चित्रावर असते. कॅमेरा वळला तरी चौकोन पडद्यावर होता तिथेच राहिला. त्याच्या खालचं फाटक गेलं आणि आभाळ आलं. उजाडेपर्यंत आभाळातून कोणीही आत शिरलं नाही, अशी नोंद आहे.

आणि मग भंगाराच्या यार्डातून तांब्याच्या केबलची गुंडाळी गेली.

फुटेज मिळालं. लख्ख मिळालं. पहाटे चारच्या सुमाराला दोघं जण फ्लेक्सच्या कडेला येतात, गुंडाळी भिंतीवरून पलीकडे टाकतात, मागोमाग उड्या मारतात आणि जातात. त्यातला एक तर कॅमेऱ्याकडे बघून केसही नीट करतो. घंटा का वाजली नाही, याची चौकशी बसली. ती वेळ पहाऱ्याबाहेरची होती. ती जागा भाऊंची होती. भिंतीच्या उरलेल्या तुकड्यावर, ओलांडली की घंटा वाजवणारी जी रेघ होती तिचा बाण बाहेरून आत असा होता. आतून बाहेर जाणाऱ्याला ती अडवत नव्हती, आणि कारखान्यातली चोरी सहसा आतूनच बाहेर जाते. शिवाय इसम झोनमध्ये १० सेकंद थांबला तरच संशयित धरावा, असं आयटीने खोट्या घंटा कमी करायला भरून ठेवलं होतं. चोराने निदान तेवढं तरी थांबायला हवं होतं. अहवालाचा निष्कर्ष: सर्व कॅमेरे सुस्थितीत असून घटना उत्तम दर्जात चित्रित झाली आहे.

व्हेंडरच्या पोराला एवढं झाल्यावर ती गोष्ट आठवली जी खरं तर पहिल्या दिवशी करायची असते. एकाने भिंतीपाशी चालायचं, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. दिवसा एकदा, रात्री एकदा, आणि दर वेळी एकच सेटिंग बदलून. याला खर्च शून्य, म्हणूनच कोटेशनमध्ये ते नव्हतं.

"मामा, जरा त्या टोकापासून या टोकापर्यंत चालून दाखवता का?"

मामा चालले. पाऊस होता म्हणून रेनकोट, वर छत्री. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला एक काळी गोल वस्तू सरकताना दिसली आणि त्याने ती सोडून दिली.

"मामा, तुम्ही माणूस म्हणून येत नाही हो सिस्टीममध्ये."

"पगारपत्रकात येतो का तेवढं बघा, साहेब. या महिन्याचा अजून झाला नाही."

पोराने छत्री बंद करायला लावली, बाण उलटा फिरवला, घड्याळ भारतात आणलं, सेकंद कमी केले. रात्री मोबाईल पुन्हा वाजायला लागला. मॅडमनी पुन्हा पिंपाचं झाकण उघडलं. सकाळी जीएमसाहेबांनी 'पूर्वीसारखं करा' असा एका ओळीचा मेल टाकला आणि पूर्वीसारखं झालं.

तिमाहीच्या सादरीकरणात पहिलीच स्लाइड होती: खोट्या अलर्टमध्ये शंभर टक्के घट. खऱ्यांचा वेगळा रकाना नव्हता. हेड ऑफिसने ढाल पाठवली, देखभालीचं कंत्राट पुढे चालू राहिलं, आणि सत्काराला अर्थातच भाऊ आले. मागच्या भिंतीपाशी मांडव घातला होता. पडद्यावर सगळ्यांभोवती हिरव्या चौकटी उमटल्या. जीएमसाहेबांभोवती, पुष्पगुच्छवाल्या मुलीभोवती, खुर्च्या लावणाऱ्या पोऱ्याभोवती, बिनछत्रीच्या मामांभोवतीसुद्धा. आपल्याच फ्लेक्ससमोर उभ्या असलेल्या भाऊंभोवती काहीच नव्हतं.

"आम्ही का नाही रं यात?" भाऊंनी विचारलं.

जीएमसाहेबांचा चेहरा उतरला. व्हेंडरचं पोरगं मात्र धंद्यात पुढे जाणार.

"भाऊ, तुम्हाला सिस्टीममधून कायमची सूट आहे."

भाऊ एकदम खूश झाले. त्यांनी खांद्यावरची शाल काढून पोराच्या खांद्यावर टाकली आणि आपल्या तिन्ही गोडाउनला हीच सिस्टीम बसवायला सांगितली.