वाघ्याच्या सुईबाबत

हॅमिल्टन, न्यूझीलंड

ती. बाबा व ती. सौ. आई यांस, आमगाव

बाबांची तक्रार अशी, की व्हिडिओ कॉलवर सगळे एकदम बोलतात, मधेच कुत्रं भुंकतं आणि कोणी काय सांगितलं ते कळतच नाही; त्यापेक्षा पेपरात येतं तसं लिहून पाठवा. म्हणून हे हॅमिल्टन वार्तापत्र. पेपरातच आहे म्हटल्यावर यात 'मी' कुठेच नाही. मुलगा, सून, साडेतीन वर्षांची नात आणि चिन्नोर नावाचा लॅब्राडोर, एवढीच पात्रं.

चिन्नोरचं नाव तांदळावरून ठेवलं, कारण रंग पांढुरका. वासाचा मात्र त्या तांदळाशी काही संबंध नाही. पावसात भिजून आला की सून आधी खिडक्या उघडते, मग दार.

तर झालं असं. आजीने फोनवर नातीला नामदेवांची गोष्ट सांगितली. कुत्र्याने कोरडी पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. नातीने दुसऱ्याच दिवशी प्रयोग लावला. चिन्नोरला पोळी मिळाली, नात वाटी घेऊन मागे. इथपर्यंत संतवाङ्मयाला धरून होतं. पण पोळीला तूप लावायचं तर पोळी आधी परत घ्यायला हवी, असं तिच्या मनात आलं, आणि तिने थेट त्याच्या तोंडात हात घातला. नामदेवांनी पोळी परत मागितल्याचं कोणी सांगत नाही.

चिन्नोर जागच्या जागी ताठ झाला, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, आणि तो गुरगुरला. मुलगा कुत्र्यावर ओरडला. सून मुलावर ओरडली.

सूनबाईंचं बरोबर होतं. गुरगुरणं ही कुत्र्याची नोटीस असते. नोटीस दिल्याबद्दलच मार बसायला लागला, तर पुढच्या वेळी तो नोटीस न देता चावतो. त्याआधीचे इशारे तर आणखी बारीक असतात : झोप आलेली नसताना जांभई, उगाच ओठ चाटणं, मान फिरवणं, अंग आखडणं. शेपूट हलतेय म्हणजे स्वारी खूश, हेही दर वेळी खरं नाही. लहान मुलांना चावणारं कुत्रं बहुतेक वेळा ओळखीचं, पुष्कळदा घरचंच असतं, आणि चावा तोंडावर, डोक्यावर किंवा मानेवर बसतो, कारण मुलाचं तोंड नेमकं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं. आता चिन्नोरचं जेवण जाळीच्या दाराआड होतं. तो झोपला की त्याला कोणी हात लावत नाही. नातीने त्याच्या गळ्यात पडायचं नाही. त्याला आपणहून जवळ यायचं असेल तर यावं. आणि मोठं माणूस खोलीत नसेल तर दोघंही एका खोलीत नाहीत. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलं मोठं माणूस या मोजणीत धरलं जात नाही, हे कलम सूनबाईंनी खास मुलासाठी घातलं आहे.

एक उलटा अपघातही नोंदवायला हवा. आईने पाठवलेल्या बेसनाच्या लाडवातला अर्धा नातीने चिन्नोरला भरवला. लाडवात बेदाणे. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, आणि किती बेदाण्यांनी हे होईल याचा नेम नाही. रात्री नऊला गुरांच्या, म्हणजे इथे कुत्र्यांच्या, डॉक्टरकडे धाव घेऊन लाडू उलटवून काढला. आमगावहून हॅमिल्टनला आलेला एवढा महाग लाडू दुसरा नसेल.

आता आईचा प्रश्न. "काहून बाप्पा, पोट्टीचं तोंड चाटते ना तो, जंत नाही होत काय?"

होतात. कुत्र्याच्या पिल्लाला गोल जंत आईच्या पोटातच मिळतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात, पण ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत. त्यांना तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. मग मात्र ती मातीत फार काळ टिकतात आणि मातीचा हात तोंडात गेला की मुलाच्या पोटात पोचतात. क्वचित त्यांतून निघालेल्या अळ्या डोळ्यापर्यंतही जातात. म्हणून घाण रोजच्या रोज उचलायची, वाळूच्या खड्ड्यावर झाकण घालायचं, कुत्र्याला वेळेवर जंताचं औषध द्यायचं, आणि साबणाने हात धुवायचे. चाटण्यापेक्षा माती जास्त दोषी आहे, तरी तोंड चाटू देणं बंद केलं आहे. मुलाने बचावासाठी फिनलंडचा दाखला काढला होता : तिथे 397 बाळांची पहिल्या वर्षभर नोंद ठेवली, तेव्हा कुत्रं असलेल्या घरांतली बाळं सर्दी-खोकल्याने कमी आजारी पडलेली दिसली, आणि 2012 मध्ये ते छापूनही आलं. त्यावर आई म्हणाली, "त्या कुत्र्यानं हात धुतले होते काय?" चर्चा तिथेच संपली.

इथल्या सरकारला मात्र आईचा स्वभाव आवडला असता. मेंढ्या अफाट, आणि मेंढीचं कच्चं काळीज-फुप्फुस खाणाऱ्या कुत्र्यांमुळे माणसांच्या पोटात पाण्याच्या गाठी होत. 1959 मध्ये त्यासाठी वेगळा कायदा झाला, कुत्र्यांना सक्तीने औषध पाजलं गेलं, आणि 2002 मध्ये देश या रोगापासून तूर्त मुक्त जाहीर झाला. आजही कुत्रं तीन महिन्यांचं झालं की नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं. चिन्नोरच्या गळ्यात बिल्ला आहे आणि कातडीखाली चिप.

या देशात रेबीज नाही. आणि पत्राचं खरं कारण तेच आहे.

दिवाळीला मंडळी आमगावला येतायत. नातीच्या लेखी जगातलं प्रत्येक कुत्रं चिन्नोर आहे. छपरीत झोपलेला घरचा कुत्रा वाघ्या दिसला की ती धावत जाणार. वाघ्या गरीब आहे, मान्य. पण त्याची रात्र बांध्यांवरच्या भटक्या कुत्र्यांत जाते, आणि त्याला एकही सुई टोचलेली नाही. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यांकडून येतो, मरणाऱ्यांत पंधरा वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण मोठं असतं, आणि लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास वाचतच नाही. नातीला येण्याआधी आठवड्याच्या अंतराने दोन सुया देण्यात येणार आहेत. तरीही तिथे चावलं तर आणखी सुया लागतीलच.

बाबांना 'पोटात 14 सुया' आठवत असतील. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस भारतात 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता चार-पाच सुया, त्याही दंडात, सरकारी दवाखान्यात मोफत. चावा किंवा ओरखडा दिसला की आधी 15 मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, मग दवाखाना. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळं औषधही भरतात. कुत्र्याने जखमेवर चाटलं तरी तो चावाच धरायचा. धड कातडीवर चाटलं तर धुणं पुरे. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावायचं नाही. शेजारच्या काकू घेऊन आल्या तरी नाही.

तेव्हा विनंती एवढीच. वाघ्याला गुरांच्या दवाखान्यात नेऊन रेबीजची सुई टोचून घ्यावी. सुईचा गुण यायला तीनेक आठवडे लागतात, म्हणून दसऱ्याची वाट पाहू नये. जंताची गोळी गुळाच्या खड्यात लपवली तर तो खातो. आणि सुईच्या कार्डाचा फोटो सूनबाईंच्या मोबाइलवर पाठवावा. तो आल्याशिवाय त्या तिकिटं काढणार नाहीत.