शेवटचे दहा फूट

कुमार गंधर्वांचं देवास भोपाळपासून दीडेकशे किलोमीटरवर. आता त्यांचं निर्गुणी भजन सातासमुद्रापलीकडच्या सर्व्हरवरून भोपाळच्या अरेरा कॉलनीत बिनतक्रार पोचतं आणि हॉलमधल्या राउटरपासून शोकेसमधल्या स्ट्रीमिंग अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतच्या दहा फुटांत गुदमरतं. कस्टमर केअरचा सल्ला ठरलेला: बंद करून चालू करा. (सरकारी फायलींवरही हा उपाय करून पाहायला हरकत नाही, भोपाळ राजधानीच आहे.)

दोष बहुधा हवेतच, म्हणजे वाय-फायमध्ये असतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न जाणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. तिथे अख्ख्या इमारतीचे राउटर, ब्लूटूथ आणि पोहे गरम करणारा मायक्रोवेव्ह दाटीवाटीने बसलेले. ५ गिगाहर्ट्‌झवर गर्दी कमी, पण भिंत आडवी आली की ते कच खातं. त्यात फोन पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर असेल, तर अ‍ॅपला शेजारचा अ‍ॅम्प्लिफायरही सहसा दिसत नाही.

‘वायरलेस’ म्हणून चढा भाव मोजलेल्या या यंत्राच्या पाठीवर बहुतेक वेळा लॅन केबलची एक खाच असते. केबल आणा, खुपसा आणि भजन ऐका.