श्रीमान अर्थिंगराव यांस

प्रति,
श्री. अर्थिंगराव कळंके,
मु. पो. गिअरबॉक्सचा बोल्ट, बॅटरीखालची गल्ली.



आपण अखेर सापडलात. दरम्यान आपल्या वाटणीची शिक्षा इतरांनी भोगली. गाडी सुरू होईना, तेव्हा दिवे लख्ख लागत असतानाही आधी बॅटरी बदलली, कारण आपल्याकडे पहिला आरोपी नेहमी तीच. मग सेल्फ खोलून नवे कार्बन टाकले. आपण, म्हणजे अर्थिंगची पट्टी, मात्र बॉडी आणि इंजिनच्या मध्ये, काळ्या ग्रीसमध्ये तोंड खुपसून साधूसारखे बसलात.

आपली कला मानली पाहिजे. वसमतच्या मोंढ्यापाशी, मागे हळदीच्या ट्रॅक्टरांची रांग लागली की सेल्फ नुसता 'टिक' म्हणायचा. तीच गाडी धक्का मारून हिंगोलीला वायरमनच्या दारात नेऊन बंद केली, की पुन्हा पहिल्याच चावीला सुरू. तो आधी गाडीकडे बघायचा, मग माझ्याकडे.

त्याने मल्टिमीटर लावला, 'पीं' वाजलं आणि आपल्याला चारित्र्याचा दाखला मिळाला. पट्टीतली एक तार शाबूत असली तरी ते यंत्र वाजतं. त्याला चिमूटभर करंट पुरतो. सेल्फ शंभरावर अँपिअर ओढतो. तेवढ्या ओढीत ओहमच्या पन्नासाव्या भागाचा अडथळा आला तरी दोन व्होल्ट वाटेतच गडप! तपासणीला सज्जन, कामाच्या वेळी चोर.

पलीकडे औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ साली केंद्राने २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, प्रोटॉनहूनही बारीक हालचाल टिपणाऱ्या. तिच्या हाती तरी आपण लागला असतात की नाही, शंकाच आहे.

आपल्याला पकडून दिलं चोकच्या केबलने. चावी फिरवली की ती चटका देण्याइतकी तापायची. आपण वाट अडवल्यावर सेल्फचा करंट बिचारीच्या अंगावरून घरी जायचा. मग मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवून सेल्फ मारला. जिथे अर्धा व्होल्टही दिसू नये तिथे काटा तीनच्या पुढे. पाना लावताच बोल्टाखालून हिरवा कळंक भुग्यासारखा सांडला.

आता आपल्या जागी नवी पट्टी आहे, खालचा पत्रा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला आहे. बॅटरीचा खर्च आपल्या नावे मांडला आहे. भंगारवाला तांब्याला बरा भाव देतो. आपलं वजन भरेल तेवढं वळतं करून घेऊ.

आपला (नाइलाजाने),
एक गाडीमालक, हिंगोली